कार्यशाळा, सेमिनार, एका दिवसाचं प्रशिक्षण: तुमच्यासोबत काय परत आलं?

कोरीपाटी
आज ऑफिसातली नवी मुलगी दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आली. फाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, छान होतं सगळं, पण आता यातलं वापरू कुठे?" आणि मला एकदम जुनी एक कार्यशाळा आठवली.

विषय होता ग्राहकांच्या तक्रारी. आमंत्रणातच लिहिलं होतं की अजून उत्तर न दिलेली एक खरी तक्रार नावं खोडून सोबत आणा. तासाभरात बोलणं संपलं. मग प्रत्येकाने उत्तराचा मसुदा लिहायचा आणि शेजारच्याने तो ग्राहक होऊन मोठ्याने वाचायचा. शेजारणीचा मसुदा वाचताना "आमच्या धोरणानुसार" या शब्दांपाशी माझा आवाज आपोआप चढला. तिने तिथल्या तिथे पेन उचलून ते वाक्य खोडलं. संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या हातात पाठवायला तयार असलेलं उत्तर होतं. पत्र लिहिलं की मी आजही ते एकदा मोठ्याने वाचते.

तुमचेही अनुभव लिहा. जाणाऱ्यांचे आणि आयोजन करणाऱ्यांचेही.

खुर्चीकार
खांब!! खोली ठरवताना आधी खांब बघा. फोटोत कधीच दिसत नाहीत. मी प्रशिक्षणांची व्यवस्था बघतो. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन प्रत्येक कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वतः बसतो, पडदा दिसतो का बघतो. वीसेक माणसं असतील तर इंग्रजी यू आकारात मांडणी करा, सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. गटात काम द्यायचं असेल तर गोल टेबलं, पण पडद्याकडची बाजू रिकामी ठेवायची, नाहीतर निम्मे लोक दिवसभर मान वळवून बसतात. बाकी नंतर लिहितो, फोन येतोय.

सांजवेळ
कोरीपाटी, किती छान लिहिलंयस गं. त्या मुलीला काय सांगितलंस मग?

घाईत
रविवारच्या कार्यशाळा बंद करा कुणीतरी. आठवडाभर काम, आणि सुट्टीच्या दिवशी "वेळेचं व्यवस्थापन" शिकायला जायचं. लहान मूल घरी आहे, त्याला कुणाकडे ठेवू हा प्रश्न निमंत्रण पाठवणाऱ्याच्या मनातही येत नाही.

सांजवेळ
घाईत, अगदी अगदी. माझी मुलगी लहान असताना मी अशी दोन चांगली प्रशिक्षणं सोडली. पुढच्या बढतीच्या वेळी त्याचीच विचारणा झाली. फार लागलं होतं तेव्हा.

तळटीप
मी प्रशिक्षण देतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. बोलावणं आलं की विषय पक्का करायच्या आधी मी सहभागी होणाऱ्यांपैकी तिघाचौघांना फोन करतो. एकदा साहेबांना "टीमवर्क" हवं होतं. लोकांना विचारलं तर कळलं की एक साधी मंजुरी पाच टेबलांवरून फिरते आणि उशिराचा दोष एकमेकांवर जातो. यावर मी काय शिकवणार? तसं सांगितलं. कार्यशाळा झाली नाही, पण दोन टेबलं कमी झाली. माणसाला काम येत नसेल तर प्रशिक्षण द्यावं. येतंय पण करू दिलं जात नाही, तिथे प्रशिक्षण म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

शेवटचीरांग
तळटीप यांना जोरदार अनुमोदन.

माझा मुद्दा वेगळा आहे. मला एका कानाने कमी ऐकू येतं. वक्ते विचारतात, "माईक नको ना? माझा आवाज पोचतोय ना?" समोरचे हो म्हणतात आणि माईक खाली ठेवला जातो. भरल्या खोलीत हात वर करून "मला ऐकू येत नाही" म्हणायचं बळ दरवेळी कुठून आणू? कृपया न विचारता माईक वापरा. आणि कुणी मागून प्रश्न विचारला तर उत्तर द्यायच्या आधी तो परत एकदा माईकमधून बोला.

खुर्चीकार
शेवटचीरांग, हे माझ्या यादीत आत्ताच लिहिलं.

निळीशाई
फीडबॅक फॉर्मबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? लोक खांद्याला पिशवी लावून, उभ्याउभ्या, सगळीकडे "उत्तम"वर खूण करतात. आणि तोच कागद यशाचा पुरावा म्हणून वर जातो! डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि संस्थेला त्यातून काय मिळालं. त्या फॉर्मवर फक्त पहिली पायरी कळते. आम्ही आता दोन महिन्यांनी सहभागींना आणि त्यांच्या वरिष्ठांना एकच प्रश्न विचारतो: "यातलं काय प्रत्यक्ष केलंत?" उत्तरं कमी येतात, पण कामाची येतात.

मधलीसुट्टी
एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा विसरण्याचा आलेख सगळ्या प्रशिक्षकांना सक्तीने दाखवा, पहिल्या दिवशीच किती विसरतो ते कळेल.

तळटीप
मधलीसुट्टी, आलेख महत्त्वाचा आहेच. पण एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये जे छापलं ते निरर्थक अक्षरगट पाठ करून, आणि तेही एकट्या स्वतःवर केलेले प्रयोग होते. त्यावरून "कार्यशाळेतलं इतके टक्के विसरतात" असा आकडा काढू नये. अधूनमधून परत आठवायला लावलं तर टिकतं, एवढं मात्र नक्की. म्हणून मी आठवड्याने सगळ्यांना तीन प्रश्न पाठवतो. टिपणं न बघता उत्तरं द्यायची.

मधलीसुट्टी
बरं झालं सांगितलंत. तीन प्रश्नांची कल्पना उचलतेय.

गाठमारे
कारखान्यात काम केलंय, म्हणून हे सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम होता. काम कसं शिकवावं हे मुकादमांना शिकवायचं. दोन तासांची पाच सत्रं, दहाच्या आसपास माणसं, बस. पहिल्या सत्रात वायरची एक गाठ असायची. आधी प्रशिक्षक ती नुसती तोंडी सांगायचा, कुणाला जमायची नाही. मग न बोलता नुसती करून दाखवायचा, तरी जमायची नाही. मग नीट पद्धतीने: शिकणाऱ्याची तयारी, सांगत सांगत दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. पुढच्या सत्रांत प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं काम आणून शिकवून दाखवायचं. कोरीपाटीताईंच्या पत्रासारखंच झालं की हे!

आमच्याकडे एका जुन्या मुकादमांनी मला मशीन असंच शिकवलं. "आता तू मला शिकव" म्हणायचे आणि खरंच विद्यार्थ्यासारखे हात मागे बांधून उभे राहायचे.

एकटादुकानदार
मोफत सेमिनारपासून जपा. माझा छोटा धंदा आहे. मी गेलो म्हणजे त्या दिवशी शटर बंद. एका ठिकाणी दिवसभर टाळ्या, गोष्टी, आणि शेवटी "फक्त आजच" म्हणून महागडा कोर्स. हिशेबाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला "ते पुढच्या लेव्हलला" हे उत्तर. मनापासून राग आला, कारण आजूबाजूला बसलेल्यांपैकी काहीजण कर्ज काढून नाव नोंदवत होते. आता आधी वेळापत्रक मागवतो. कुठल्या तासाला काय, हे लिहून देत नसतील तर जात नाही.

घाईत
एकटादुकानदार, दादा, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना. माझा भाऊ अशाच एका ठिकाणी पैसे भरायच्या बेतात आहे.

एकटादुकानदार
लिहितो ताई. तोवर त्याला सांगा, त्याच दिवशी सही करू नकोस. आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी माग.

निळीशाई
रोल प्लेची धास्ती असणारं कुणी आहे का इथे? आमच्या एका प्रशिक्षिकेने तिघांचे गट केले: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. बुजऱ्या माणसांना पहिल्या फेरीत निरीक्षक केलं. दुसऱ्या फेरीत तेच आपणहून पुढे आले.

शेवटचीरांग
आहे ना, मी! निरीक्षक हे फार आवडलं.

कोरीपाटी
किती लिहिलंत सगळ्यांनी! आत्ता जेवणं आवरून वाचतेय. सांजवेळ, तिला म्हटलं की सोमवारी आपल्या टीमला यातली एक गोष्ट अर्ध्या तासात शिकव, तुला हवी ती निवड. ती आधी गप्प झाली, मग विचारलं, "पडदा लागेल का?" म्हटलं नको, फळा पुरे. खुर्चीकार, सहा जणांसाठी छोटी खोली आहे, मध्ये लांब टेबल. हलवू का?

खुर्चीकार
हलवू नका. तिला टेबलाच्या टोकाला उभं करू नका, लांब बाजूच्या मधोमध बसवा. फळा तिच्या पाठीमागे.

शेवटचीरांग
आणि खिडकी तिच्या पाठीशी नको, ओठ दिसत नाहीत.