मदत हवी आहे: ड्रम कोअर फायनल्सला नेमकं कुठे बसावं?

मंडळी, ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर डीसीआयच्या (ड्रम कोअर इंटरनॅशनल: ब्रास म्हणजे पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत मैदानात कवायत करणाऱ्या पथकांची, म्हणजे ड्रम कोअरची, स्पर्धा घेणारी संस्था) शनिवारच्या फायनल्सची चार तिकिटं काढायची आहेत. ५० यार्डांच्या रेषेसमोरची, म्हणजे मैदानाच्या मधोमध, पण अगदी खालच्या ओळी नकोत. तिथून ड्रिलचे, म्हणजे कवायतीचे, आकार दिसतच नाहीत, पुढ्यातली मारिम्बा आणि सिंथ ही वाद्यं तेवढी कानात घुसतात. त्यात मैदान ४९ मीटर रुंद, म्हणून मागच्या कडेच्या स्नेअर ड्रमचा ठोका पुढच्या कडेला ०.१४ सेकंद उशिरा पोचतो. फार वर बसलं तर चित्र स्वच्छ, पण छताखालच्या घुमाऱ्यात ब्रासचा गोंधळ होतो. मग मधला मजला बरा, की वरच्या मजल्याच्या पहिल्या ओळी? सोबत आजी आहे, गुडघे दुखतात, पायऱ्या कमी हव्यात. शिवाय कोअर वाजत असताना जागेवर जाऊ देत नाहीत; बाहेरचा वॉर्म-अप ऐकून परतायला किती वेळ धरावा?