मदत हवी आहे: नवीन डीपीत (विकास योजनेत) आमच्या आगरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, रस्ता दाखवलाय, हरकत कशी द्यायची?

नमस्कार मंडळी, आमचं घर उत्तर रत्नागिरीतल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, खाडीच्या जवळच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच विषय वाढायचा. तर नवीन विकास योजना सभेत मंजूर झाली, म्हणजे प्रारूप, अंतिम नाही, आणि हरकती द्या म्हणून पेपरात सूचना आली. चुलतभावाने नकाशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, झूम करून बघितलं तर आमच्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) जागी १२ मीटरचा रस्ता, आणि तो सरळ आगरात शिरून पोफळी, विहीर सगळं घेत पलीकडच्या वाडीत निघतो. उरलेल्या तुकड्यावर हिरवा रंग मारून खेळाचं मैदान. मैदानाला विरोध नाही हो, पोरांना जागा हवीच, पण उतारावर? पावसात तिथून व्हाळ (ओढा) वाहतो!

घोळ असा की ७/१२ अजून आजोबांच्या नावावर, वारस नोंद राहिलीये कारण आत्या, मुंबईचे काका, आम्ही, सगळे एकत्र भेटणार ते गणपतीत आणि तेव्हा हा विषय कोण काढणार. बाग सांभाळणारे गावचे काका म्हणतात मागच्या प्लॅनमधला रस्ता अजून कागदावरच आहे, तू कशाला टेन्शन घेतेस. पण मला घरामागे दोन खोल्या काढायच्यात आणि आर्किटेक्ट म्हणतोय आता परवानगी अडकेल. अंतिम झालाच नाही तर कसं अडकवतात?

७/१२ वर नाव नसताना मी हरकत देऊ शकते का, वकील लागतो का, आणि काय लिहायचं? शिवाय जागा सीआरझेडमध्ये (किनारा-खाडीलगतच्या बांधकाम निर्बंधांच्या पट्ट्यात) असेल तर रस्ता आपोआप रद्द नाही का होणार?

जुना ट्रेसर: ताई, हरकत कोणीही देऊ शकतं, मालकच असावा असं नाही. एमआरटीपी कायद्याचं (राज्याच्या नगररचना कायद्याचं) कलम २६ बघा, मुदत ३० दिवसांची, शेवटची तारीख सूचनेतच असते. वकील लागत नाही. पण फोटोवर विसंबू नका, भाग नकाशाची प्रत काढा आणि शेजारी भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा ठेवून बघा, कारण डीपीवरची रेघ जराशी सरकली तरी जागेवर विहीर वाचते किंवा जाते. अजून एक, विद्यमान जमीन वापराचा नकाशा असतो, त्यात तुमचं घर आणि विहीर दाखवलीये का? नसेल तर तोच सगळ्यात भारी मुद्दा. नुसतं 'आमचं नुकसान होतंय' म्हटलं की सुनावणीत मान हलवतात आणि पुढचा नंबर पुकारतात. रस्ता दुसरीकडून कसा नेता येईल ते रेघ मारून द्या.

आर्किटेक्ट बरोबर बोलतोय. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेलं प्रारूपही विचारात घ्यावं लागतं. काकांचं अर्धं खरं, आरक्षण (डीपीत रस्ता-मैदानासाठी राखलेली जागा) कलम १२७ खाली व्यपगत, म्हणजे रद्द, करता येतं, पण १० वर्षं मोजायची ती अंतिम योजना लागू झाल्यापासून, मग नोटीस, मग पुढे २४ महिने. तोवर तुमच्या आत्यांची नातवंडं वारस नोंदीला येतील.

खाडीकाठी: सीआरझेडचं एवढं सोपं नाही. तो नकाशा वेगळा, केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे होतो, डीपीने तो बदलत नाही आणि त्याने डीपीतलं आरक्षणही पुसत नाही, रस्ता करायची वेळ आली की सीआरझेडची वेगळी मंजुरी लागते एवढंच. तरी मुद्दा म्हणून हरकतीत घाला. व्हाळाचे पावसातले फोटो तर नक्की जोडा, उतारावर भराव टाकला की पाणी खालच्या घरांत जाणार हे कोणालाही कळतं.

आणि वाडीचा एक सामायिक अर्ज द्याच, पण प्रत्येक घराचा वेगळा पण द्या आणि 'सुनावणीला समक्ष बोलवावे' असं लिहा. सुनावणी नियोजन समितीपुढे असते, तिथे काकांना न्या, बाग दाखवून बोलणारा माणूस लागतो. मोबदला म्हणून टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतील, आपल्यासारख्या गावात तो विकत घेणार कोण हे आधी विचारा.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे. विद्यमान वापराच्या नकाशात आमचं घर नाहीच, शेती दाखवलीये!! आत्या पुण्यात आहेत, त्यांच्या सह्या वेळेत आल्या नाहीत तर?

जुना ट्रेसर: सह्यांसाठी थांबू नका. तुमच्या एकटीच्या नावाने आजच अर्ज द्या, सोबत घरपट्टीची पावती, घराचे फोटो आणि आजोबांच्या नावाचा ७/१२, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. आत्यांचा अर्ज मुदतीत मागाहून वेगळा दिला तरी चालतो. वारस नोंदीचं मात्र तलाठ्याकडे आत्ताच सुरू करा, उद्या मोबदल्याचा विषय निघाला तर पहिला कागद तोच मागतील.