सासूबाईंच्या गुडघ्यामागे फुगवटा, मालिश करू द्यायची का?

मानेवाडावाली:
सासूबाईंच्या (वय ६४) उजव्या गुडघ्याच्या मागे फुगवटा आलाय. उभ्या राहिल्या की टणक दिसतो, खाटेवर पाय दुमडून बसल्या की मऊ पडतो. दुखत फारसं नाही, पण मांडी घालताना मागे ताण बसतो. गुडघे आधीपासूनच कुरकुरतात. आमच्याकडे मालिशवाली मावशी येते, ती म्हणते "शीर चढली, अंगठ्यानं दाबून बसवते". सासूबाईंचा तिच्यावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास! तिथे आत नेमकं असतं तरी काय?

धंतोलीची फिजिओ:
ताई, मावशीला पाठ, खांदे खुशाल रगडू द्या. गुडघ्यामागे अंगठा लावू देऊ नका.

स्वतःच्याच पायावर बघा. खुर्चीत बसा आणि टाच जमिनीवर दाबून मागे ओढल्यासारखं करा. गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना ताठ दोऱ्या हाताला लागतील, मांडीमागच्या स्नायूंच्या. बाहेरची जाड दोरी बायसेप्स फिमोरिसची. आतली बारीक, गोल ती सेमीटेंडिनोसस, तिच्या खाली रुंद सेमीमेम्ब्रेनोसस. खालून पोटरीच्या गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूचे दोन फाटे वर येतात. मधे संक्रांतीच्या पतंगासारखा चौकोनी खळगा राहतो, चरबीने भरलेला.

सगळा मोलाचा ऐवज त्या चरबीत. कातडीकडून आत जाताना आधी टिबियल नर्व्ह (मज्जातंतू), मग रक्त परत नेणारी मोठी शीर, आणि सगळ्यात खोल, हाडालगत, पायाला रक्त पुरवणारी धमनी. गुडघा वाकवून दोन्ही हातांची बोटं चांगली रुतवली तर तिचा ठोका लागतो. मेडिकलला शिकताना आमच्यातले निम्मे "लागली सर" म्हणून खोटंच सांगायचे. बाहेरच्या दोरीच्या कडेने दुसरी नर्व्ह उतरते, कॉमन पेरोनियल. ती गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, फिब्युलाच्या, मानेला वळसा घालते, तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. ती दबली की पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते.

फुगवटा मधोमध आहे की आतल्या बाजूला? आणि हात ठेवला तर नाडीसारखा उडतो का?

नरेंद्रनगरचा भाऊ:
माह्या बाबाले बी हेच झालं होतं. डॉक्टरनं सुई टाकून पाणी काढलं, थोड्या दिवसानं पुन्हा तेवढंच. मंग फायदा काय?

मानेवाडावाली:
आतल्या बाजूला आहे. उडत नाही.

धंतोलीची फिजिओ:
मग बहुतेक बेकर सिस्ट. लंडनच्या विल्यम मोरंट बेकर या सर्जनने १८७७ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. सेमीमेम्ब्रेनोसस आणि पोटरीचा आतला फाटा यांच्यामध्ये एक पिशवी असते, तिची वाट सांध्यात उघडते. झिजलेला गुडघा जास्त पाणी करतो, ते पिशवीत शिरतं आणि परत फिरताना अडतं. पाय ताठ केला की टणक, वाकवला की मऊ, ही तिची खूण.

भाऊ, तुमच्या बाबांचं पाणी म्हणूनच पुन्हा भरलं. पाणी तयार होतं गुडघ्यात, सुई टाकली पिशवीत. झीज किंवा सांध्यातली फाटलेली गादी, जे मूळ असेल त्याचा इलाज करावा लागतो, मांडीच्या व्यायामासकट.

ताई, पिशवी फुटली तर पाणी पोटरीत उतरतं. पोटरी सुजते, तापते, दुखते. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी अगदी असंच दिसतं, वरून फरक कळत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि फुगवटा उडत असता तर धमनी फुगल्याची शंका घ्यावी लागली असती, तिथे तर सुई चुकूनही नको. आधी सोनोग्राफी करा, सोबत रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉप्लर सांगा.

मानेवाडावाली:
उद्याची वेळ घेतली. मावशी रुसली, म्हणते पोटरी तरी चोळू द्या.

धंतोलीची फिजिओ:
रिपोर्ट येईपर्यंत पोटरीही नको. तळपाय चोळा म्हणावं.