मदत हवी आहे : सोलर ड्रायरमधला कांदा चिकट होतोय, लवकर सांगा (इंदूर)

सांवेररोड : आम्ही चारपाच जणी मिळून कांदा वाळवून हॉटेलांना देतो. मार्चपर्यंत माल कुरकुरीत निघत होता. आता पावसाचा नेमच राहिला नाही. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर आभाळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर कांदा चिकट, तपकिरी. एका हॉटेलने अख्खी खेप परत पाठवली. सोमवारी पुढची द्यायची आहे. कोणती पूड मिसळली की चिकटपणा जातो? अनुभव असेल त्यांनीच सांगा.

रामबागकर : ताई, ड्रायर पेटीचा की बोगद्यासारखा? पंखा आहे का? काप किती जाड? रात्री माल कुठे असतो? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

हिशोबी : प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. प्रकल्प अहवाल करून बँकेत जा.

सांवेररोड : अनुदान नको हो, सोमवार निभवायचाय. बोगद्याचा आहे, वर प्लॅस्टिक शीट. पंखा नाही. काप हाताने करतो. कांदा लाल, चोइथराम मंडीतला. रात्री ट्रे आतच असतात, दारं घट्ट लावून.

रामबागकर : मग दुखणं तिथेच आहे. कांद्यातून निघालेली वाफ बाहेर जातच नाही. पहाटे शीटला आतून हात लावून बघा, थेंब लोंबत असतील. तेच परत कांद्यावर पडतात. वरच्या टोकाला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खालच्या बाजूला हवा आत यायला जाळी लावा. काप तीनेक मिलिमीटरचे, सगळे सारखे. आणि सकाळी लवकर भरा, अकरानंतर नवा ट्रे नको.

मातीशी_नातं : पूड अजिबात नको! पुडीने ओला माल सुका होत नाही, बुरशी आत वाढतच राहते. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे. काप मोडून बघा, कटकन तुटला तर वाळला, वाकला तर नाही.

हिशोबी : रंगाचं म्हणाल तर गुजरातेत महुव्याचे कांदा वाळवणारे कारखाने मुख्यतः पांढरा कांदा घेतात. लाल कांद्याचा रंग वाळल्यावर तितका उजळ राहत नाही.

रामबागकर : आभाळ आलं की विजेच्या ड्रायरमध्ये उरलेला माल पुरा करा. दमट हवासुद्धा तापवली की कोरडी होते. २६ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांवर नेली की आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. ऊन नसलं की हे तापवणंच थांबतं.

मातीशी_नातं : विजेवर वाळवायचं तर सोलर कशाला? इंदूरजवळ सनावदियाला समाजसेविका जनक पलटा मॅकगिलिगन यांचं केंद्र बघून या, किती काम निव्वळ उन्हावर चालतं ते कळेल.

रामबागकर : त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण खेप सडली तर कांदा पिकवायला लागलेलं पाणी, खत, मोटरची वीज, सगळं मातीत जातं. तासभर हीटर त्यापेक्षा परवडला. ऋतूच बदललाय, तर दुसरी सोय हवीच.

मातीशी_नातं : मग पावसाळ्यात कांदा घेऊच नका, उन्हाळ्यातच वाळवून साठा करा.

छावणीवाला : सालींचं काय करता? देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे, २०२२ ला सुरू झाला तेव्हा क्षमता रोज ५५० टनांची होती. ओल्या कचऱ्याच्या गाडीत वेगळ्या टाकत जा.

सांवेररोड : साली गाडीतच जातात. शीटला खरंच थेंब होते, आत्ता पाहून आले. ओळखीच्या मसालेवाल्याकडे विजेचा ड्रायर आहे, आज रात्री उरलेला माल तिकडे नेते. हॉटेलला सोमवारी अर्धीच खेप देते म्हणून कळवलंय. घरचा टेबल फॅन वरच्या टोकाला बाहेर तोंड करून लावला तर चालेल?

रामबागकर : दोन-तीन दिवस चालेल. वायर आणि बोर्ड मात्र ओलीपासून लांब ठेवा आणि फॅनच्या भोवतीची फट पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर तीच हवा परत आत येईल.