ज्युनिअर आर्किटेक्टना क्लायमेट-रिस्पॉन्सिव्ह (हवामानाला साजेसं) डिझाईन शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

सोलापुरी_टीस्केल:
नमस्कार मंडळी. सोलापुरात छोटं ऑफिस आहे, मी आणि तीन ज्युनिअर, बंगले आणि चार-पाच मजली अपार्टमेंट अशी कामं. पोरं हुशार आहेत, रेंडर असे काढतात की क्लायंट जागेवर हो म्हणतो, पण पश्चिमेच्या हॉलला खालपासून वरपर्यंत काच लावतात आणि विचारलं तर "सर एसी आहे ना" म्हणतात. एप्रिल-मेमध्ये इथे काय होतं ते सांगायला नको. आणि लो-कार्बन (कमी कार्बन सोडणारं बांधकाम) म्हणाल तर आमच्या वेळी कॉलेजात हा शब्दसुद्धा नव्हता. ग्रीन रेटिंगची परीक्षा द्यायला लावू, की एखादा कोर्स? फी फार झेपणार नाही.

यू_व्हॅल्यू_ताई:
परीक्षा नंतर हो, आधी नको. राज्याच्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, रेटिंगनुसार 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आहे त्यामुळे बिल्डर विचारतात, म्हणून धंद्याला ती उपयोगी आहे, पण त्यात क्रेडिट (रेटिंगचे गुण) पाठ होतात, काच कुठे लावायची ते नाही कळत.

माझं ऐका, तुमचीच एक बांधून झालेली बिल्डिंग घ्या आणि पोरांना तिचा आरईटीव्ही काढायला लावा. म्हणजे भिंती आणि खिडक्यांतून घरात सरासरी किती उष्णता शिरते तो आकडा. घरांसाठीच्या ऊर्जा कोडची, इको निवास संहिता 2018 ची, मर्यादा आहे 15 वॅट प्रति चौ.मी. पहिल्यांदा एक्सेलवर करा, सॉफ्टवेअर नको, कारण कुठल्या खिडकीने आकडा किती वर नेला हे हाताने केल्यावरच दिसतं. मग भिंत बदलून बघा. 6 इंची आरसीसी भिंतीची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, कमी तितका चांगला) साडेतीनच्या वर जाते, 9 इंची विटेची 2 च्या आसपास, 200 एमएम एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची साधारण 0.8. आणि छताच्या यू-व्हॅल्यूला मर्यादा 1.2 आहे, नुसता उघडा स्लॅब त्याच्या जवळजवळ तिप्पट. सगळं लक्ष भिंतीच्या एलिव्हेशनवर आणि वरचा स्लॅब तसाच तापत ठेवायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

चुन्याची_घाणी:
ताईंचं बरोबर आहे पण नुसत्या यू-व्हॅल्यूवर गेलात तर सोलापुरात फसाल. तिथल्या जुन्या माळवदाच्या घरात जाऊन दुपारी बसा, जाड भिंत आणि वर मातीचा थर, ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा खिडक्या उघडल्या की वारा ती उष्णता घेऊन जातो. हा उशीर यू-व्हॅल्यूत दिसत नाही. हेच कोकणात करून चालत नाही बरं का, तिथे दमट हवा, रात्रही फार गार होत नाही, तिथे पडवी, उतरतं छप्पर आणि आरपार वारा लागतो. म्हणून पोरांना आधी गावाचं हवामान वाचायला शिकवा. सोलापूरची हवामान फाईल फुकट मिळते, इमारतीतल्या उष्णतेचं सिम्युलेशन करणारं एनर्जीप्लस सॉफ्टवेअर पण फुकट आहे. आणि स्वस्तातले तापमान नोंदवणारे लॉगर घेऊन एक माळवदाच्या घरात, एक तुमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर ठेवा, दोन्ही ग्राफ शेजारी लावले की लेक्चर द्यावं लागत नाही.

छज्जाचं गणित पण करून घ्या. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी सोलापुरात दुपारी बाराला सूर्य 72 अंशांवर असतो, दक्षिणेला 2 फुटी छज्जा असला तरी 6 फूट उंच खिडकी सावलीत. तोच छज्जा पश्चिमेला लावा, चार वाजता सूर्य खाली आलेला असतो, काडीचा उपयोग नाही, तिथे उभी फिन (भिंतीबाहेर काढलेली उभी पट्टी), जाळी किंवा सरळ खिडकीच लहान.

साईटवरचा_अण्णा:
सगळे आर्किटेक्टच बोलताय म्हणून मी पण बोलतो, मी कॉन्ट्रॅक्टर. कार्बनचा मोठा वाटा सिमेंट आणि स्टीलमध्ये असतो आणि ते ठरवतो आरसीसी कन्सल्टंट (स्ट्रक्चरल इंजिनिअर), त्याला ट्रेनिंगला बोलावलंच नाही तर तुमची पोरं शिकून करणार काय? कॉलमची जागा आणि स्पॅन (दोन कॉलममधलं अंतर) नीट बसवला तर तिथेच स्टील वाचतं. ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटऐवजी फ्लाय ॲश मिसळलेलं पीपीसी घेतलं की क्लिंकर (सिमेंटमधला भट्टीत भाजलेला, जास्त कार्बनचा घटक) कमी, पण ताकद हळू चढते, क्युरिंग 7 ऐवजी निदान 10 दिवस लागतं, तुमच्या उन्हात 14 धरा, सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) पण जास्त दिवस अडकतं. हे शेड्युलमध्ये आधीच धरलं नाही की मिस्त्री आणि बिल्डर दोघं मिळून ओपीसी मागवतात, आणि ड्रॉइंगवरची नोट कोणी वाचत नाही. चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या एलसी3 सिमेंटला पण आयएस 18189 कोड 2023 ला आलाय, आमच्या डीलरकडे मात्र अजून बघितलं नाही.

सोलापुरी_टीस्केल:
अण्णा, आरसीसीवाल्याला बोलवायचं डोक्यातच नव्हतं. पण तो बिनपैशाचा दिवसभर येऊन बसेल का?

यू_व्हॅल्यू_ताई:
ट्रेनिंग म्हणून बोलावलं तर नाही येणार. चालू प्रोजेक्टची मीटिंग म्हणून बोलवा, तीसुद्धा कन्सेप्ट स्टेजला, सँक्शन ड्रॉइंग गेल्यावर नाही. इमारतींतल्या ऊर्जाबचतीच्या इंडो-स्विस बीप प्रोजेक्टमध्ये असंच करायचे, आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, एसी आणि क्लायंट सगळे खऱ्या बिल्डिंगवर तीन-चार दिवस एकत्र बसायचे, तुम्ही एका शनिवारात भागवा. बाहेर पाठवायचंच असेल तर मातीच्या दाबलेल्या विटा हाताने शिकायला ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट, आणि कुणाला सिम्युलेशनमध्येच खोल जायचं असेल तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा मास्टर्स आहे. तिघांना एकदम नका पाठवू, एकाला पाठवा आणि आल्यावर बाकीच्यांना त्यानेच शिकवायचं हे आधीच ठरवून टाका.