पहिला पीसी जोडतोय: लग्नाचे व्हिडिओ + गेमिंग, बजेट ८० हजार, गाव आर्वी तालुक्यात

संत्राबाग_आर्वी
राम राम मंडळी. दोन वर्षांपासून लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंग आतापर्यंत मित्राच्या लॅपटॉपवर निभावलं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागेल, त्याआधी स्वतःचा पीसी पाहिजे. रात्री गेम खेळीन, १०८०पी भरपूर झालं. यादी अशी काढली: इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, समोर काच असलेलं आरजीबी कॅबिनेट, आणि उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय. मॉनिटर आहे. अर्धे पैसे बाबांनी सोयाबीन विकून दिलेत, म्हणून चुकायचं नाही. नागपूरच्या बर्डीतून घेऊ की ऑनलाइन?

रातकिडा_वणी
भाऊ, एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर पण पाहा. त्याचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) २०२२ ला आलं, पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येतो. १२४०० चं एलजीए १७०० सॉकेट इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपलं. निव्वळ गेमिंग असतं तर मी डोळे मिटून ७६०० म्हटलं असतं.

अल्बमवाला_पुलगाव
आधी हे सांग, कॅमेरा कोणता फॉरमॅट देतो? ४:२:२ १०-बिट एच.२६५ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं, पण घट्ट दाबलेलं फुटेज) असेल तर 'एफ' घेऊच नको. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. साध्या १२४०० मधलं यूएचडी ७३० ग्राफिक्स ते फुटेज हार्डवेअरवर उलगडतं. आरटीएक्स ४०६० ला ते येत नाही, एनव्हिडियाने ५० सिरीजपासून दिलं. ७६०० मधल्या ग्राफिक्सलाही येत नाही. हळदीच्या क्लिपा टाइमलाइनवर अडखळतात त्या बहुतेक यामुळेच.

पण तुझ्या यादीत मला खरी भीती वाटली ती 'उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय' वाचून. माझा पहिला पीसी असाच गेला. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला सप्लाय होता. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, डीपीवर सगळ्यांच्या मोटरी, लाईन १७० व्होल्टवर उतरलेली. मग लाईन गेली आणि जोरात परत आली. फट्ट आवाज, जळका वास, सप्लायसोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क. त्या डिस्कमध्ये दोन लग्नं होती. लोकांचा तो दिवस पुन्हा कुठून आणायचा? तेव्हापासून कुणी विचारलं की मी सप्लायपासून सुरुवात करतो.

चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवतो याचा शिक्का) सप्लाय घे. सप्लायवरच्या स्टिकरवर इनपुट वाच, १००-२४० व्होल्ट पाहिजे. बऱ्याच स्वस्त मॉडेलवर २००-२४० असतं, ते आपल्याकडे पुरत नाही. यूपीएस १००० व्हीएचा घे. ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॉटच देतो, आणि १२४०० जोरात असताना ११७ वॉटपर्यंत जातो, ४०६० चे ११५, वर मॉनिटर अन् पंखे. यूपीएसवर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात, एक्सपोर्ट पुरा होण्याइतकी नाही. घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर साइन वेव्हचाच, आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर. लाईन तुटल्यावर सप्लाय जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरने बॅटरीवर यायला पाहिजे.

रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, एकच १६ ची नाही. एसएसडी १ टीबी. एक बाहेरची हार्ड डिस्क बॅकअपला. आणि आज घरी मल्टिमीटर लावून न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट बघ. २-३ च्या आत हवेत.

संत्राबाग_आर्वी
दादा, कॅमेरा ४:२:२ १०-बिटच देतो. मी आजवर लॅपटॉपलाच दोष देत होतो. मीटर लावलं: फेज-न्यूट्रल २१४, न्यूट्रल-अर्थ ६१! भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनची (अर्थची) वायर कुठंच जोडलेली नाही. मित्राचा पीसी घरी आणला होता तेव्हा कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, ते यामुळेच का?

अल्बमवाला_पुलगाव
त्याचमुळे. सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते गळती अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसली की कॅबिनेटवर जवळपास निम्मे व्होल्ट येऊन बसतात. लायसन्सवाल्या वायरमनकडून जमिनीत अर्थिंगचा इलेक्ट्रोड टाकून घे, मोरीचं पाणी मुरतं तिथं. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतत जा. आपली काळी माती सुकली की भेगाळते आणि अर्थ सुटते.

सेतूवाली_दारव्हा
दादा, समोर काचेचं कॅबिनेट नका घेऊ. माझं सेतू केंद्र पत्र्याच्या खोलीत आहे, मे महिन्यात आतच ४० च्या वर जातं. जाळीचं घ्या, समोर दोन पंखे, मागे एक. कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीवर बोटभर तुसं जमतात, पंधरा दिवसांनी काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं.

आणि कूलरच्या झोतात पीसी कधीच नाही. मी ठेवला होता. ताट्यांतून उडणाऱ्या थेंबांसोबत बोरिंगच्या पाण्याचे क्षार येतात. दोन महिन्यांनी उघडला तर बोर्डावर पांढरा थर, अन् रॅमच्या सोनेरी पिना काळ्या पडलेल्या. कूलर एका भिंतीला, पीसी दुसऱ्या.

रातकिडा_वणी
माझा ७६०० चा सल्ला मागे घेतो, कॅमेऱ्याचं लक्षातच आलं नव्हतं. खरेदी बर्डीतूनच करा. पक्कं बिल मागा, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. बोर्ड तिथंच चालू करून बघता येतो.

संत्राबाग_आर्वी
चार दिवसांनी लिहितोय. खड्डा बाबांनी आणि मी मिळून खणला, वायरमनने काल इलेक्ट्रोड जोडला. न्यूट्रल-अर्थ आता १.८ येतंय. यादी बदलली: एफ नसलेला १२४००, ४०६०, ८-८ रॅम, १ टीबी, ५५० वॉट, जाळीचं कॅबिनेट, १००० व्हीए यूपीएस. बाहेरची डिस्क पहिल्या लग्नाच्या ॲडव्हान्समधून घेईन. सेतूवाल्या ताई, टेबल कूलरच्या खिडकीपासून हलवला. उद्या पहाटेच्या एसटीने नागपूर.