मदत हवी आहे: ओळखपत्राची स्कॅन प्रत परक्याच्या हाती गेली असावी, आता काय करावे?

नमस्कार मंडळी,

माझ्या जुन्या, फारशा न वापरलेल्या ईमेल खात्यात नव्या उपकरणावरून लॉगिन झाल्याची सूचना आली होती. ती मी दोन दिवसांनी पाहिली, हा माझाच हलगर्जीपणा. पासवर्ड बदलून मी निर्धास्त झाले. मात्र नंतर सेटिंग चाळताना दिसले की, येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणीतरी तिथे लावून ठेवला होता, म्हणजे पासवर्ड बदलल्यावरही माझे मेल त्याच्याकडे जातच होते. तो नियम काढला, सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले आणि रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर माझाच असल्याची खात्री केली.

२०१३ पासून चालू असलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या, ईमेल पत्ता डेटागळतीत सापडला आहे का हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर माझा पत्ता टाकल्यावर दोन डेटागळतींत तो सापडला, आणि त्यांपैकी एकीत पासवर्डही फुटलेला होता. तोच पासवर्ड मी आणखी तीन ठिकाणी वापरत होते! एकीकडे फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी दुसरीकडे चालवून पाहण्याची युक्ती जुनीच आहे, त्यामुळे आश्चर्य वाटले नाही, लाज मात्र वाटली. आता पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सुरक्षित जपून ठेवणारे ॲप) घेऊन प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड दिला आहे.

खरी काळजी पुढेच आहे. त्या खात्याच्या 'पाठवलेले' विभागात, कधीकाळी घरमालकांना पाठवलेली माझ्या ओळखपत्राची स्कॅन प्रत पडून होती. नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र आणि सही, सगळे एकाच पानावर. ती डाउनलोड झाली की नाही, हे कळण्याचा मार्ग मला सापडला नाही, म्हणून झाली असे धरूनच चालले आहे.

पहिली शंका सिमकार्डाची. त्या प्रतीच्या आधारे कोणी माझ्या नावाने डुप्लिकेट सिम काढले, तर एसएमएसने येणारे सर्व ओटीपी त्याच्याकडे जातील. जिथे सोय आहे तिथे मी ऑथेंटिकेटर ॲप लावले आहे, कारण त्यातील दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार होतो आणि नंबर पळवला तरी तो हाती लागत नाही. परंतु माझी बँक एसएमएसशिवाय दुसरा पर्यायच देत नाही. सिम बदलण्यापूर्वी जादा पिन विचारला जावा, अशी व्यवस्था मोबाईल कंपनीकडून कोणी करून घेतली आहे का?

दुसरे म्हणजे, माझ्या नावावर कोणी कर्ज काढले तर ते पतअहवालात (आपल्या नावावरील कर्जांची नोंद असलेल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये) किती दिवसांनी दिसते, आणि तो किती वेळा पाहणे पुरेसे आहे? बहिणीचे म्हणणे असे की, पैसे गेले नसले तरी पोलिसांत लेखी तक्रार आत्ताच करून ठेवावी, म्हणजे पुढे वाद झाल्यास तारखेचा पुरावा राहतो. मला ते पटते, पण केवळ संशयावर तक्रार नोंदवून घेतात का, याचा अनुभव हवा आहे.

शेवटचा प्रश्न यापुढच्या प्रतींचा. प्रतीवर आडवे 'केवळ भाडेकरारासाठी' असे लिहून तारीख घातली, तर ती दुसरीकडे वापरणे अवघड होईल असे वाटते. मात्र एका कार्यालयाने अशी प्रत 'खराब' म्हणून परत केली. अशा वेळी आपण काय सांगता?

ओळखपत्राचा क्रमांकच बदलून घेतलेले कोणी असल्यास कृपया सविस्तर लिहावे.